बारा मीटरची मावशी

सान ब्रुनोच्या फाट्यावर बस वळली आणि कासिमिरा आर्सूला समोर आपली मावशी दिसली. बारा मीटर लांब, दोन मजले उंच. लोखंडी खांबांवर ताणलेल्या कापडावर युस्ताकिया मावशीचा चेहरा होता. डोक्याला चौकड्यांचा रुमाल, पापण्यांवर कसाव्याच्या पिठाचे कण. खाली सोनेरी अक्षरं होती, ‘इथे वेळ थांबते. या, विसावा घ्या.’ आणि त्याखाली किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टचं नाव.

“अगं बाई, ही तर आपली युस्ताकिया!” मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

कासिमिराला हसू आलं नाही. तिच्या मांडीवरच्या बॅगेत तिचा कॅमेरा होता आणि तो फोटो त्याच कॅमेऱ्याने काढलेला होता. त्या पापण्यांवरचा कण न् कण तिला पाठ होता.

“थांबव,” ती ड्रायव्हरला म्हणाली.

“बसथांबा पुढे आहे, बाई.”

“थांबव म्हणते ना!”

ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. ती हळूहळू अगदी खांबापर्यंत गेली, हात लावता येईल इतकी जवळ. साध्या कॅमेऱ्याचा फोटो एवढा ताणला तर त्याचा नुसता चिखल होतो. हा तसा झाला नव्हता. जवळून बघितलं तरी गालावरची लव दिसत होती. याच गोष्टीचा तिला एरवी अभिमान वाटला असता. आत्ता तिने खांबाकडे पाठ फिरवली.

दोन वर्षांपूर्वी याच रिसॉर्टने गाव आणि नदीचं मुख यांच्यामध्ये तारेचं कुंपण घातलं होतं. त्याचं एक टोक या फाट्यापर्यंत, थेट जाहिरातीच्या खांबांमागे येत होतं. कुंपणापलीकडे गावातल्या बायकांचे कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, लावायचे जमिनीचे तुकडे राहिले, तिकडे जाणारी पायवाट राहिली. मावशीचा तुकडाही तिकडेच होता. तीस वर्षं ती तिथे लावणी करत होती. आता तिथे बंदूकवाला पहारेकरी उभा असे. गावाने कोर्टात अर्ज केला होता, आणि तो तिथेच पडून होता.

कासिमिरा एक्केचाळीस वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी ती ला सेइबा शहरात एका स्टुडिओत कामाला लागली आणि तिथेच राहिली. पासपोर्टचे फोटो, मुलांच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे फोटो, लग्नं. दिवसभर तोंडाला एकच वाक्य, हनुवटी वर, खांदे सरळ. अकरा वर्षं पै-पै साठवून तिने स्वतःचा मोठा कॅमेरा घेतला तेव्हा मालकाने विचारलं होतं, “पासपोर्टच्या फोटोला सहा कोटी पिक्सेल कशाला लागतात गं?” तिला ते पासपोर्टसाठी नकोच होते.

समुद्राकाठची हवा भिंगांना खाते. काचेवर एकदा बुरशी धरली की ती जात नाही. म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या शेजारी झोपायचा. ती स्वतः पंख्याविना झोपली तरी चालायचं, पण त्या डब्यातल्या पुड्या महिना झाला की बदललेल्या असायच्या. रविवारी ती गावी यायची आणि बायका एरेबा भाजत असायच्या तिथे कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवायची. एरेबा म्हणजे कसाव्याची मोठी, कोरडी भाकरी. सोलायचं, किसायचं, विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचं, चाळायचं, मग तव्यावर. पहाटेपासूनचं काम. कासिमिराला त्या कामाचे सुंदर फोटो नको होते. तिला सगळं दिसायला हवं होतं. अंगठ्याच्या भेगेत अडकलेला कीस, झिजलेली किसणी, धुराने लाल झालेले डोळे.

तसाच मावशीचा तो फोटो होता. राजधानीतल्या एका कलासंस्थेने प्रदर्शनासाठी फोटो मागवले तेव्हा तिने तो पाठवला. त्यांना संपूर्ण आकाराची मूळ फाइल हवी होती. अर्जावर एक ओळ होती, ‘प्रदर्शन व प्रसिद्धीसाठी वापरास संमती’. तिने खूण केली. फोटो महिनाभर भिंतीवर टांगला गेला, तिला एक प्रमाणपत्र मिळालं, आणि ती नवा झगा घालून जाऊन आली. त्याला आठ महिने झाले होते.

फाट्यावरून ती चालतच गावात शिरली. दुकानाच्या ओट्यावर तेओदोरो बसला होता. त्याचाही तुकडा कुंपणापलीकडे गेलेला. तो पूर्वी तिची चेष्टा करायचा, आज त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“काय कासी, कितीला विकलीस मावशीला?”

“मी विकली नाही.”

“मग काय, स्वतः चालत गेली ती त्या खांबावर?”

ती पुढे गेली. दारादारांतून बायका बघत होत्या आणि एकही तिला ‘कधी आलीस’ म्हणाली नाही.

मावशी अंगणात कसावा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“मावशी, मला ठाऊक नव्हतं. शपथ.”

“माझा व्रण कुठे गेला?” मावशीने विचारलं.

कासिमिराला आधी कळलंच नाही. मग आठवलं. मोठ्या वादळात छपराचा पत्रा लागून मावशीचं कपाळ फाटलं होतं, भुवईपासून केसांपर्यंत. फाट्यावरच्या कपाळावर तो व्रण नव्हता. पुसून टाकला होता. इतका वेळ तिथे उभी राहून तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

“हरामखोर,” ती म्हणाली. “मला न विचारता फोटो लावला, वर त्याला हात लावला! माझी परवानगी न घेता...”

“तुझी?” मावशीने सुरी खाली ठेवली. “आणि तू माझी घेतली होतीस?”

“मावशी, मी...”

“तू म्हणालीस, मावशी, इकडे बघ. मी बघितलं. झालं एवढंच. तो कुठे जाणार, कोण बघणार, काही सांगितलंस मला? राजधानीत महिनाभर माझं तोंड भिंतीवर होतं ते मला तेओदोरोच्या बायकोकडून कळलं. तेव्हा नाही तुझं डोकं तापलं.”

कासिमिरा उभ्या उभ्या घामाने भिजली. दुसऱ्यावरचा राग अंगाबाहेर काढता येतो, ओरडता येतं. हा आत वळलेला होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. मावशी परत सोलायला लागली. त्या रात्री तिने कासिमिराला ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

सोमवारी कासिमिराने स्टुडिओला दांडी मारली आणि रिसॉर्टच्या कचेरीत गेली. उर्रुतिया नावाचे व्यवस्थापक होते. त्यांनी थंड पाणी मागवलं. तिने घेतलं नाही.

“फार सुरेख फोटो आहे,” ते म्हणाले. “आम्ही तो संस्थेकडून रीतसर घेतला. कागद आहेत. तुमची सही आहे.”

“प्रदर्शनासाठी.”

“आणि प्रसिद्धीसाठी. आता प्रसिद्धी कशाची, ते काही तिथे लिहिलेलं नाही.” ते हसले. “तुमची हरकत नावाबद्दल असेल तर खालच्या कोपऱ्यात घालू. बारीक अक्षरांत.”

“आणि तिचं?”

“कुणाचं?”

“जिचा चेहरा लावलाय तिचं!”

“म्हणजे त्या... मॉडेलचं?”

कासिमिरा उठली. खुर्ची मागे पडली.

“ती मॉडेल तुमच्या तारेपलीकडे कसावा लावायची, साहेब. तीस वर्षं. तुमच्या पहारेकऱ्याने तिला तिच्याच शेतातून हाकललं. त्याच बाईचं तोंड दाखवून तुम्ही पाहुण्यांना या म्हणता? आणि तेही खोटं तोंड! तो व्रण तुमच्या बापाचा होता का, पुसायला?”

“जमिनीचा विषय कोर्टात आहे,” उर्रुतिया म्हणाले. ते आता हसत नव्हते. “आणि आवाज खाली ठेवा, नाहीतर मी माणसं बोलावतो.”

कॅमेऱ्याची बॅग तिच्या खांद्यावर होती. ती त्या काचेच्या टेबलावर आपटावी असं तिला इतक्या जोरात वाटलं की बोटं पट्ट्याभोवती पांढरी पडली. पण अकरा वर्षं त्या बॅगेत होती. ती दार आपटून बाहेर पडली. संस्थेला फोन केला तर तिथल्या मुलीने तेच सांगितलं, सगळं नियमाप्रमाणे झालंय, ताई. कासिमिराने फोनवर तिला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी येऊन तिने मागच्या पडवीतला कोयता काढला आणि दगडावर धार लावायला बसली.

“कुठे निघालीस?” मावशी दारात उभी होती.

“फाट्यावर. फाडून टाकते.”

“मग?”

“मग काय?”

“मग उद्या ते नवीन लावतील आणि तू तुरुंगात बसशील. मला डबा घेऊन यावं लागेल, बसभाड्यासकट.” मावशीने तिच्या हातातून कोयता काढून घेतला. दोन दिवसांत पहिल्यांदा ती तिच्याशी धड बोलत होती. “पाहुण्यांच्या गाड्या शनिवारी येतात ना?”

“हो.”

“मग शनिवारी मी तिथे जाऊन बसते. बघू दे त्यांना, खरं तोंड कसं असतं.”

शनिवारी सकाळी अकरा बायका फाट्यावर पोचल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर किसणी आणि कसाव्याची टोपली. मावशी बरोबर आपल्या चेहऱ्याखाली बसली. दोन खांबांना एक चादर बांधली होती, तिच्यावर तेओदोरोने बोटीच्या निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘ही बाई मी. माझं शेत या कुंपणामागे आहे. मला आत जाऊ देत नाहीत.’ त्याने ते लिहून झाल्यावर कासिमिराकडे न बघताच ब्रश तिच्या हातात दिला होता. त्याच्या बाजूने तेवढीच माफी होती.

बायकांनी किसायला सुरुवात केली आणि गाणं धरलं. गाड्या हळू झाल्या. थांबल्या. पाहुणे एकदा वर बघायचे, एकदा खाली. एक म्हातारी परदेशी बाई उतरली आणि तिने मावशीच्या कपाळाकडे बोट करून ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला.

तासाभराने पोलीस आला, शेजारच्याच गावातला, नेमेसियो.

“युस्ताकिया आजी, उठा ना. वरून फोन आलाय.”

“माझ्या हातचा एरेबा खाऊन एवढा झालास,” मावशी किसता किसता म्हणाली. “उचल मला आणि ने.”

नेमेसियोने टोपी काढली, घाम पुसला आणि जाहिरातीच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

कासिमिराने रस्त्यापलीकडे तिकाटणं रोवलं. सगळं एका चौकटीत येत होतं. पण ती रस्ता ओलांडून आधी मावशीकडे गेली आणि उकिडवी बसली.

“मावशी, काढू का फोटो?”

“कुठे लावणार?”

“वर्तमानपत्राला देणार. मोबाइलवरून सगळीकडे जाईल. कोण कोण बघेल ते मला सांगता येणार नाही.”

“व्रण दिसेल?”

“एकेक टाका दिसेल.”

मावशीने रुमाल कपाळावरून मागे सरकवला. “काढ. खाली नाव घाल. आडनावासकट. आणि या दहाजणींनाही विचार.”

तिने दहाजणींना विचारलं. एकीने नको म्हटलं, तर तिला चौकटीबाहेर बसवलं. मग तिने फोटो काढला. वर पुसलेला चेहरा, खाली खरा. मागे तार, पहारेकऱ्याच्या छातीवरचा बिल्ला, आणि तारेपलीकडे माजलेल्या गवतातून डोकावणारी कसाव्याची झाडं. सगळं धारदार. यावेळी मूळ फाइल तिने कुणालाच दिली नाही. वर्तमानपत्राला लहान आकाराची दिली आणि खाली दहा नावं होती.

नवव्या दिवशी जाहिरात उतरली. रिसॉर्टने पत्र धाडलं, त्यात ‘गैरसमज’ हा शब्द तीनदा होता आणि मावशीचं नाव एकदाही नव्हतं. कुंपण जागच्या जागीच राहिलं.

मग कोर्टात तो अर्ज वर आला. रिसॉर्टचं म्हणणं होतं, जमीन पडीक होती, तिथे कुणी काही पिकवत नव्हतं. गावाच्या वकीलबाईने कासिमिराला बोलावून मूळ फाइल मागितली. कशासाठी, कोण बघणार, नंतर तिचं काय होणार, हे सगळं कासिमिराने तिच्याकडून लिहून घेतलं आणि मावशीला वाचून दाखवलं. मावशी हो म्हणाली तेव्हाच दिली. कोर्टातल्या पडद्यावर फोटो उघडला आणि मोठा करत नेला. गवत मोठं झालं, मग गवतामागची झाडं. ती रानात उगवतात तशी विखुरलेली नव्हती. उंच केलेल्या वाफ्यांवर, हातभर अंतरावर, ओळीत. न्यायाधीशांनी चष्मा लावून स्वतः मोजली. एकोणचाळीस.

निकाल लागेपर्यंत बायकांना आठवड्यातून तीन सकाळी आत जाऊ द्यावं, असा हुकूम झाला. गावात त्या दिवशी हुदुत शिजलं, नारळाच्या रश्श्यातला मासा आणि कुटलेली केळी, आणि लोकांनी कासिमिराच्या पाठीवर थापा मारल्या. तिला त्या आवडल्या नाहीत. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत यातले निम्मे तिच्याशी बोलत नव्हते.

पहिल्या सकाळी फाटक उघडलं. बायका फावडी घेऊन आत गेल्या आणि शंभरेक पावलांवर थबकल्या. मावशीच्या तुकड्याचा अर्धा भाग खणून सपाट केला होता. नव्याने, हुकूम झाल्यानंतर. खडी पसरली होती, पाहुण्यांच्या छोट्या गाड्यांसाठी रस्ता. उपटलेली झाडं कडेला ढिगात सुकत पडली होती.

मावशी ढिगाजवळ वाकली आणि ज्या काड्यांमध्ये अजून ओल होती त्या निवडायला लागली, परत लावता येतील म्हणून.

कासिमिराचे कान तापले. तिने तिकाटणं उघडलं, खड्ड्याच्या कडेला मोजपट्टी टाकली, भिंग पुसलं आणि एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक खड्डा, प्रत्येक मोडलेलं खोड, खडीवरचा चाकाचा प्रत्येक ठसा. जबडा इतका घट्ट मिटलेला की दात दुखत होते.

पहारेकरी धावत आला. “ओ बाई, इथे फोटो काढायला मनाई आहे.”

“कुणाची?”

“साहेबांची.”

“मग त्यांच्याकडून लिहून आण,” ती डोळा न हलवता म्हणाली. “त्या कागदाचाही फोटो काढते.”