बांध घालणाऱ्याचं शेत

रविवार, १२ मे २०२४. शेणवा.
सकाळी ढगाळ, नंतर कडक ऊन. कोंडूभाऊ माझ्या पडवीच्या शिडीवरून घसरले. उजवा घोटा सुजला आहे. शेखर आसनगावहून आला आणि त्यांना शहापूरला नेऊन एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत आहे, पण महिनाभर शिडी बंद. पुढच्या खोलीवरची कौलं परतून झाली होती, स्वयंपाकघरावरची राहिली. ओट्यापाशी उभं राहिलं की आकाश दिसतं. रात्री पिठलं-भात.

ही माझ्या डायरीतली नोंद. रोज संध्याकाळी दिवसभराचं चार ओळींत लिहायची सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावली, ती अजून सुटलेली नाही. पण कोंडूभाऊ चार ओळींत मावणारे नाहीत, म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं.

कोंडूभाऊ माझे घरमालक. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळे. सदऱ्याच्या खिशात कायम दोन-चार खिळे आणि सुतळीचा गुंडा. गावात त्यांची भातशेती आहे. हे दोन खोल्यांचं घर त्यांनी मुलासाठी, शेखरसाठी बांधलं. जुन्या घराची नळीची कौलं जपून ठेवली होती, तीच इथं चढवली. पण शेखरला रोज लोकलनं कल्याणला जावं लागतं, त्यामुळे तो बायकोला घेऊन आसनगावला स्टेशनजवळ राहायला गेला. घर रिकामं पडलं, आणि यजमान गेल्यावर मी तिथं भाड्यानं आले.

माझे यजमान धरणावर नोकरीला होते. आमचा सगळा संसार भातसानगरच्या क्वार्टरमध्ये झाला. तिथं नळ गळला की ऑफिसात तक्रार लिहायची. मग माणूस यायचा, कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. घर आमचं नव्हतं, आणि ज्याचं होतं तो कधी दिसला नाही. त्यामुळे समोरच्या पडवीत बसून माझ्या छपराकडे बघत तंबाखू मळणारा मालक मला नवीनच होता.

राहायला आले त्या दिवशी मी यजमानांचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी कोंडूभाऊ आले. त्यांनी फोटो हलकेच उतरवून कॉटवर ठेवला, माझा खिळा पकडीनं उपटला, खिशातला स्वतःचा खिळा त्याच भोकात ठोकला आणि फोटो परत टांगला. फोटोला नमस्कारही केला. मग माझा खिळा माझ्या हातात दिला.

"वाकडा होता का?" मी विचारलं.

"नाय. बरोबर होता."

पुढं सगळंच असं. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरत होत्या म्हणून मी तेल घातलं, तर संध्याकाळी ते तेलाची वाटी घेऊन हजर. माझं तेल फडक्यानं पुसून त्यांनी त्यांचं घातलं. दिवाळीला मी भिंतीला चुना लावते म्हटलं, तर "आमी हाव ना!" एकदा वैतागून मी विचारलं, "भाऊ, झाडू तरी मारू ना मी?"

त्यांनी खरोखर विचार केला. "झाडा," म्हणाले. "झाडल्यानं काय होत नाय."

शहापूरला माझी एक मैत्रीण आहे, देवकी. तीही भाड्यानंच राहते. ती म्हणायची, "आमचा मालक भाड्याच्या तारखेशिवाय तोंड दाखवत नाही. तुला तर लॉटरी लागली आहे!" खरंच होतं ते. पण कोंडूभाऊ मुरबाडला भाचीच्या लग्नाला गेले आणि त्याच दिवशी माझा नळ गळायला लागला, तेव्हा लॉटरी कसली ते मला कळलं. चार रुपयांचा वायसर बदलायचा, तर मी रात्रभर उठून उठून बादली उपसत होते. प्लंबरला बोलावू का, म्हणून फोन केला, तर मांडवातल्या वाजंत्रीच्या वर आवाज चढवून म्हणाले, "हात लावू नका! आमी येतो!"

आता तेच कोंडूभाऊ पाय उशीवर ठेवून पडले होते, आणि माझ्या चुलीवर आभाळ.

मी नामाला निरोप धाडला. नामा मुरबाडकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. उन्हाळ्यात गावोगाव कौलं परतायची कामं करतो. तो आला, शिडी लावली आणि दोन पायऱ्या चढला असेल-नसेल, तोच समोरच्या पडवीतून ओरड आली.

"कोन रे तो? उतर खाली!"

"बाईंनी बोलावलं, बाबा!"

"म्हनूनच उतर!"

नामा उतरला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, घर गळतंय तुमचं आन् भांडन मालकाचं? उलटंच हाय तुमच्यात." आणि बिडी पेटवून निघून गेला.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. मी त्याला सांगायला नको होतं, पण बोलता बोलता निघून गेलं. तो म्हणाला, "आई, पावसाआधी छप्पर झालं नाही तर मी गाडी घेऊन येतो. तू सामान बांधून ठेव." मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. पण त्यांच्या घरी मी खुर्चीसुद्धा विचारून सरकवते. इथं सकाळी दार उघडलं की माहुलीचा डोंगर दिसतो, आणि बाजारात मला चार माणसं ओळखतात. मला जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कोंडूभाऊंकडे गेले. काशीवहिनी, त्यांची बायको, तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "भाऊ, मला तुमच्याकडून फक्त एवढं ऐकायचंय की नामाला का चढू दिलं नाही."

कोंडूभाऊ भिंतीकडे बघत राहिले. काशीवहिनी म्हणाल्या, "सांगा ना खरं काय ते. पाय सुजला तसं तोंड बी सुजलंय का?"

"तू गप गो!" असं म्हणून मग ते सांगू लागले.

"आमचा बाप गणू, सावकाराचं शेत करायचा. त्या शेताचा बांध दर साली फुटायचा. बाप सांगायला जायचा, शेट, बांध फुटला. सावकार म्हनायचा, तूच घाल रे, मला कुठं सवड हाय. बापानं घातला. दर साली घातला. मग कायदा आला, कसेल त्याची जमीन. तलाठी आला, म्हनला, शेत कोन करतो? गाव म्हनलं, गणू. सावकार म्हनला, कागद माझ्याकडं हाय. तलाठी म्हनला, ऱ्हाऊ दे कागद, बांध कोनी घातला?" त्यांनी सुजलेला पाय उशीवर नीट ठेवला. "शेत आमचं झालं. आज खातो तो भात त्याच शेताचा."

मला फोटोचा खिळा आठवला. बिजागरीचं तेल आठवलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला असं वाटतंय की मी तुमचं घर..."

"बाई, तुमच्यावर अविश्वास नाय. सावकाराचा बी बापावर विश्वासच होता."

मी समजावायला गेले. तो कायदा शेतीचा, घराला लागत नाही. आपला अकरा महिन्यांचा करार आहे, शेखरनं नीट करून घेतला आहे.

"सावकाराकडं बी कागद होता."

"पण भाऊ, घराला असा कायदाच नाही!"

"तवा शेताला बी नव्हता. मग आला."

मी घरी येऊन भाजी चिरायला बसले. वर माकडं उड्या मारत होती, अजून दोन कौलं सरकली, ओट्यावर उन्हाचा एक नवा चौकोन पडला. मला हसू येत होतं आणि रागही. पण त्यांची गोष्ट काही डोक्यातून जाईना. त्यांचं भय खोटं म्हणावं, तर त्यांचं अख्खं शेत त्याची साक्ष होतं.

दोन-तीन दिवस मी त्यावर विचार केला आणि मग परत गेले.

"भाऊ, तुमच्या वडिलांनी बांध घातला तेव्हा सावकार बांधावर यायचा का?"

"तो कशाला येतो चिखलात!"

"मग तिथंच त्याचं चुकलं. तुम्ही या. मी अंगणात खुर्ची टाकते. चढेल नामा, पण सांगायचं तुम्ही. आणि त्या दिवशी मी त्या घरातच नाही. सकाळी चार माणसांदेखत किल्ली तुमच्या हातात देते आणि इथं पाहुणी म्हणून येते. संध्याकाळी वाटलं तर किल्ली परत द्या."

काशीवहिनींनी सूप खाली ठेवलं. "आन् नाय दिली तर?"

"तर तुमच्याकडेच राहीन. तुमच्या हातची भाकरी खाईन."

"मग मीच देते किल्ली!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की कोंडूभाऊंना ओठ आवळून धरावे लागले.

ते बराच वेळ सुतळीचा गुंडा सोडत-गुंडाळत बसले. मग म्हणाले, "नामाची मजुरी आमची. जेवान बी आमचं."

"चालेल. आणि माझा नळ?"

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. मी पुढं म्हटलं, "अर्धेलीनं शेत देतात, तेव्हा सगळं मालकच करतो का? कुळाच्या वाट्याला काहीतरी येतंच ना?"

"येतं. तन काढनं त्याचं."

"मग मला माझं तण काढू द्या."

अखेर त्यांनी बोटांवर मोजत वाटणी केली. छप्पर, भिताड, चौकट मालकाची. नळ, भुई, अंगण, पन्हळीतला पाला भाडेकऱ्याचा.

"आणि खिळा?"

"खिळा," ते म्हणाले, आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. "खिळा इचारून."

ठरलेल्या दिवशी सकाळी नामा आला. कुणी सांगितलं नसताना शेजारचीही दोन माणसं आली, कारण गंमत कुणाला नको असते? मी कुलूप लावलं आणि किल्ली कोंडूभाऊंच्या हातात दिली. त्यांनी ती मुठीत घेतली, नवा सदरा नीट केला आणि माझ्या अंगणात काठी टेकून खुर्चीवर बसले.

मी दिवसभर काशीवहिनींबरोबर पापड लाटले. समोरून सगळं ऐकू येत होतं.

"नामा, डावीकडचं फुटलंय, दिसत नाय का रे?"

"बाबा, मी वर हाय का तुमी?"

"घर कोनाचं?"

"तुमचं, तुमचं! सकाळपास्न धा वेळा इचारलंत!"

ऊन उतरलं. नामा खाली आला, हातपाय धुऊन जेवला आणि गेला. बघायला आलेली माणसंही पांगली. मी रस्ता ओलांडून आले तेव्हा कोंडूभाऊ तसेच बसले होते, मूठ मांडीवर. इतकी वर्षं ज्या घरात मी राहिले ते बंद होतं, आणि ते उघडायचं की नाही हे त्या मुठीत होतं. मुलाची गाडी माझ्या डोळ्यांपुढून गेली. ठरवताना गंमत वाटली होती. आता वाटत नव्हती.

कोंडूभाऊ काठीवर उठले, लंगडत दारापर्यंत गेले, भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, आत जाऊन बघा बरं, कुठं आकाश दिसतंय का."

"मी कशी जाणार, भाऊ? किल्ली मालकाकडे आहे."

त्यांनी मुठीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. मग ते हसले. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले आहेत, हे मला त्या दिवशी दिसलं. किल्ली घामानं ओली झाली होती. ती त्यांनी सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"पुढल्या साली बी असंच," म्हणाले.

"असंच," मी म्हटलं, आणि कुलूप उघडलं.

मंगळवार, २१ मे. शेणवा.
स्वयंपाकघरावरची कौलं परतून झाली. पापड वाळत घातले आहेत, अर्धे काशीवहिनींकडे. ओट्यावर, भांड्यांवर, फोटोवर सगळीकडे धूळ आणि कौलांचा चुरा. आधी फोटो पुसला. मग दोन्ही खोल्या झाडल्या.