पाचवी बॅच का आंबली

तीन वर्षं झाली, आणि या गोष्टीबद्दल मी अजून एक वाक्यही मोठ्यानं बोललेले नाही. लिहितानाही हात अडखळतोय. माझं मराठी लिहिणं शाळेतल्या तिसऱ्या भाषेपुरतं. पण हे इंग्रजीत लिहिलं तर मला ते उगाच सोपं जाईल, असं वाटतं.

घरी बिअर करणं का सोडलंस, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असतं — हिशेब जमत नव्हता. बिअरला लागणारं माल्ट महागलं, हॉप्स महागले. लोक मान डोलावतात. किमतीचं कारण दिलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

सुरुवातही किमतीपासूनच झाली होती. निदान प्रज्ञाची.

प्रज्ञा आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, दोन बिल्डिंग सोडून राहायची. नागपूरची. इथे कॅरी शहराजवळ एका औषध कंपनीत क्लीनरूममध्ये काम करायची — डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, हातात दुहेरी ग्लोव्ह्ज, आणि हवेत धुळीचा कणही चालणार नाही अशी खोली. पगार बेताचा, त्यातला बराचसा धाकट्या भावाच्या कॉलेजसाठी घरी जायचा. एकदा दुकानात तिनं सहा बाटल्यांचं खोकं उचललं, किंमत वाचली आणि परत ठेवलं. "पंधरा डॉलर? यार, आत केशर घातलंय का?" त्याच संध्याकाळी तिनं वहीत मांडून दाखवलं — घरी केली तर चाळीस डॉलरमध्ये पन्नासेक बाटल्या होतात. भांडी कुणाकडून तरी सेकंडहँड मिळत होती. जागा मात्र तिच्याकडे नव्हती. माझ्याकडे होती.

मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, खरंच, किती महाग झालीय बिअर.

खरं सांगू? मला पंधरा डॉलर परवडत होते. आणि बिअर मला फारशी आवडतही नाही. मी घरून काम करते. शुक्रवारी लॅपटॉप मिटला की सोमवारच्या मीटिंगमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हणेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि निघाला की चिरका निघायचा — दोन दिवस न वापरलेला. प्रज्ञा दर शनिवारी येणार होती. मला तेवढंच हवं होतं. पण 'मला सोबत हवी आहे' असं कसं म्हणतात? मला नाही येत ते. किमतीबद्दल बोलता येतं.

शनिवारी ती यायची. स्वयंपाकघरात दलियासारखा वास भरायचा. मग दोन आठवडे कपाटातल्या बादलीतून बुडबुड ऐकू यायची, आणि कामाच्या मधेमधे मी उगाच कपाट उघडून बघायचे.

तिचा नियम एकच होता. एकदा उकळून झालं की बिअरला जे जे लागणार — नळी, बाटल्या, बूच, चमचा — ते आधी जंतू मारणाऱ्या सॅनिटायझरच्या पाण्यात बुडवायचं. मधेच फोन घेतला तरी पुन्हा हात बुडवायचे. "तुझ्या हातांवर माझा भरवसा नाही. माझ्याही नाही," असं म्हणून हसायची. चार बॅचेस छान झाल्या.

पाचवी होती काकूंकडच्या बार्बेक्यूसाठी. काकू म्हणजे इथल्या मराठी मंडळींच्या काकू. मी नवीन आले तेव्हा त्यांनी मला स्वतःचा कोट दिला होता, भात लावायचा कुकर दिला होता. प्रज्ञाला घेऊन येऊ का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आडनाव काय गं तिचं?" मी सांगितलं. प्रज्ञा बौद्ध आहे, हे आडनावावरून त्यांना कळलं. "अस्सं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं, ये घेऊन."

तेव्हाच मला काहीतरी म्हणता आलं असतं का? हो. आलं असतं.

बाटल्या भरायच्या त्या शनिवारी प्रज्ञाला अचानक शिफ्टला बोलावलं. मी एकटीच होते. नळी, बाटल्या, सगळं सॅनिटायझरमधून काढून नीट मांडलं होतं. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. आईला माहीत नाही मी बिअर करते ते — पिते हेही माहीत नाही. आई नेहमी म्हणते, "घर दाखव बघू." मी घाबरून सगळं उचललं आणि बाथरूममध्ये नेऊन टाकलं. बाटल्या टबमध्ये. नळी — टॉयलेटजवळच्या पायपुसण्यावर. वीस मिनिटं आईला बाल्कनीतली तुळस दाखवली.

नंतर सगळं पुन्हा बुडवायला हवं होतं. सॅनिटायझर संपत आलं होतं, नवीन आणायचं तर दुकान अर्ध्या तासावर. मी नळी पेपर टॉवेलनं पुसली. बिअर उतरेना, तेव्हा तोंडानं ओढली. बाटल्या नुसत्या नळाखाली विसळल्या.

संध्याकाळी प्रज्ञानं फोन केला. "सगळं नीट बुडवलंस ना?"

मी म्हटलं, हो.

बार्बेक्यूला ती नवा कुर्ता घालून आली होती. बिअर तर होतीच, शिवाय पहाटे उठून केलेल्या पाटोड्यांचा डबा. काकांनी पहिली बाटली उघडली आणि फेस उसळून त्यांच्या शर्टावर आला. घोट घेऊन ते म्हणाले, "ही बिअर आहे का आंबलेलं ताक?" सगळे हसले. प्रज्ञाही हसली. मग तिनं बाटली नाकाशी धरली, आणि तिचं हसू गेलं.

मी आत स्वयंपाकघरात गेले. पळाले, म्हणा. काकू कांदा चिरत होत्या.

"कोणी केली गं ही?"

"प्रज्ञाच करते सगळं," मी म्हटलं. "मी नुसती मदतीला."

"तरीच." त्यांनी सुरी खाली ठेवली. "बोलू नये, पण स्वच्छता अंगात असावी लागते, बाळा. शिकून नाही येत ती."

आणि मी — इथपर्यंत यायला मला इतके परिच्छेद लागले — मी म्हटलं, "हो ना, काकू."

नुसती गप्प राहिले असते तर एक वेळ भित्री म्हणता आलं असतं. मी गप्प नव्हते. मला काय म्हटलं जातंय ते कळत होतं, कुणाबद्दल तेही कळत होतं. बाथरूममधलं पायपुसणं डोळ्यांसमोर होतं. तरी मान हलवली. काकूंचा कोट दारामागे टांगलेला असतो माझ्या घरी. तो आणखी कुणाला मिळू नये, असं वाटलं होतं का मला? माहीत नाही. कदाचित.

मिनिटभरानं प्रज्ञा पेपर टॉवेल न्यायला आत आली. तिनं काही ऐकलं नव्हतं. ती स्वतःहून म्हणाली, "सॉरी हं काकू. माझंच चुकलं. सफाईत कुठेतरी राहिलं असणार."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "असू दे," म्हणाल्या. मग टेबलावरचा पाटोड्यांचा डबा त्यांनी झाकण लावून ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला. तो भरलेलाच परत आला.

घरी येताना गाडीत प्रज्ञा वही उघडून बसली होती. उकळणं कमी झालं का, झाकणाला चीर होती का — एकेक शक्यता लिहीत होती. माझं नाव तिनं एकाही ओळीत लिहिलं नाही. मी गाडी चालवत राहिले. उरलेल्या बाटल्या तिनं माझ्या सिंकमध्ये ओतल्या आणि भांडी विकून टाकली. "क्लीनरूमवाली म्हणे," असं एकदा स्वतःलाच म्हणाली. पुढच्या वर्षी नोकरी बदलून सांता क्लाराला गेली.

काकू मला अजून बोलावतात. मी जाते.

गेल्या महिन्यात प्रज्ञाचा मेसेज आला. तिकडे बिअर इथल्याहून महाग, पुन्हा घरी करून बघावी म्हणतेय, पण हिंमत होत नाही. खाली लिहिलं होतं — तुझ्या कधी लक्षात आलं का गं, तेव्हा माझं नेमकं काय चुकलं होतं?

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. बऱ्याच वेळानं उचलला आणि उत्तर दिलं — नाही गं. आलं असतं तर सांगितलं नसतं का?