दोन ढिगांचा अभ्यास

पहाटे साडेचारला रंगरावांचा दिवस सुरू होई. सहाला खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हजर व्हायचं, त्याआधी तासभर मुलीचा, योगिनीचा, फ्रेंचचा अभ्यास घ्यायचा. त्यांना स्वतःला फ्रेंचचं अक्षरही येत नव्हतं.

योगिनी फ्रेंचच्या परीक्षेत एकदा नापास झाली होती. पास झाली तरच तिला इतरांना फ्रेंच शिकवता येणार होतं. नामांची लिंगं पाठ करायची सोडून ती नियम शोधत बसे.

"बाबा, टेबल बाई काऊन? पुस्तक माणूस काऊन?"

"आपल्याइथं खुर्ची बाई काऊन, हे तुले कोणी सांगितलं? तरी तू चुकते का? हातानं कर."

जिनिंगमध्ये ते डागी कापूस हातानं निवडत. शब्दही तसेच निवडता यावेत म्हणून त्यांनी तिला शब्दांच्या चिठ्ठ्या करायला लावल्या. पुल्लिंगाच्या मागे निळा ठिपका, स्त्रीलिंगाच्या मागे लाल. योगिनीनं शब्द वाचून चिठ्ठी डाव्या किंवा उजव्या ढिगात टाकायची, रंगरावांनी उलटून पाहायची. एक चुकली की सगळं मिसळून पुन्हा पहिल्यापासून.

"एकच तर चुकली, बाबा."

"मूठभर डागी कापसानं बांधलेली पुरी गठाण गिरणीतून वापस येते, बाई."

तिसऱ्या महिन्यात चारशे चिठ्ठ्या बिनचूक निवडल्या गेल्या. त्या दिवशी चहा रंगरावांनी केला.

योगिनी पास झाली. रंगरावांनी काम सोडलं, तेव्हा इतक्या वर्षांच्या मजुरीतून साठवलेल्या पैशांनी घरापुढं एक खोली बांधली. तिथं आता योगिनीचा फ्रेंचचा वर्ग भरतो.