चहाबरोबरची गोळी

भिवंडीत मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र शिकवायचो, तेव्हा कामतघरच्या चहाच्या टपरीवर एक यंत्रमाग कामगार रोज सकाळी दिसायचा. केसांत कापसाची तुसं, डोळे तांबारलेले. टपरीवाला बिस्किटांच्या बरणीशेजारीच दुखण्याच्या गोळ्यांची बरणी ठेवायचा. हा न विचारता तिच्यात हात घालायचा, गोळी जिभेवर ठेवायचा आणि वर कटिंग चहा. खायचा काहीच नाही.

"कुठं दुखतंय?" मी एकदा विचारलं.

"अभी नहीं, साहेब. दिवसभर लूमवर उभं राहिल्यावर दुखेल ना. पहले से लेके रखता हूँ."

पुढे पुढे तो पोटावर हात दाबूनच यायला लागला. पोटात आग पडते म्हणायचा, आणि त्यावर त्याच बरणीतली दुसरी गोळी घ्यायचा. ही आग या गोळीनेच लावलीय, असं मी त्याला समजावलं.

"बंद केली तर हात नाय उठत," म्हणाला आणि ग्लास ठेवून ड्युटीवर गेला.

रोजच्या जगण्यातलं उदाहरण दिलं की विषय डोक्यात बसतो, असं मी मानायचो. म्हणून दुष्परिणाम शिकवताना वर्गात त्याचीच हकिगत सांगितली. मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"सर, माझे अब्बा पण असंच घेतात. मग त्यांनी काय घ्यायचं?"

पुस्तकात उत्तर होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'विश्रांती'.

खिडकीबाहेर लूम खडखडत होते. तो शब्द एकानेही वहीत उतरवून घेतला नाही.