खर्जातला खलनायक

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या पहिल्या कादंबरीतला खलनायक शेवटच्या प्रकरणात विहिरीत पडून मरतो.

अडचण एवढीच की, तो खलनायक म्हणजे निरवांगीचे माझे चुलते, तात्या. वास्तविक मुंगी दिसली तरी वाट सोडणारा हा माणूस. पण आमच्या गावच्या जत्रेत संगीत नाटक व्हायचं, आणि भूमिका आवाजावर वाटल्या जायच्या. पेटीमास्तर काळी चारची उंच पट्टी दाबायचे. तिथं ज्याचा गळा पोचेल तो नायक, मग डोक्यावर केस असोत-नसोत. तात्यांचा आवाज खर्जातला. त्यामुळे दरवर्षी खलनायक. गडगडून हसायचं आणि तिसऱ्या अंकात मरायचं. गायला पद एकही नाही. पुढे टीव्हीवर ऑपेरा पाहिला, तर तिथंही तेच! उंच आवाजाला प्रेम, जाड आवाजाला पाप.

कादंबरी लिहिताना मीही प्रत्येक पात्राला आधी आवाज दिला. नायिका काळी चारला. खलनायकाची वेळ आली तेव्हा कानात तो एकच आवाज घुमला, आणि त्याच्यामागून तात्यांचा खोकला, चष्मा, सगळंच कागदावर चालत आलं.

हस्तलिखित सोमवारी प्रकाशकाकडे जायचं होतं. ज्यांनी मला सायकलवर डबल सीट शाळेत सोडलं, त्यांना दुखवून पुस्तक काढायचं नव्हतं. रविवारी सकाळी बारामतीहून स्कूटर काढली ती थेट निरवांगी.

तात्या डाळिंबं निवडून क्रेटमध्ये भरत होते. काकू शेजारी. मी वाचायला लागले. खलनायक बोलण्याआधी दोनदा खोकला, तशी काकू म्हणाली, "आवं, ह्यो तर तुमच्यावानीच खोकतोय की!"

तात्यांनी पुढचं डाळिंब उचललं.

मी विहिरीपर्यंत वाचलं. तात्यांच्या हातातलं डाळिंब हातातच राहिलं.

"तात्या, तुम्ही म्हणाल तर हे पात्रच काढून टाकते."

"काढतीस कशाला?" चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसून झाला. दोनदा खोकणं झालं. आणि मग आवारातल्या कोंबड्या दचकतील अशा खर्जात ते ओरडले,

"आगं, पेटीमास्तरानं कदी गाऊ दिलं न्हाय, पर हितं तर लिवणारी तू हाईस! पडायच्या आदी एक पद तरी म्हणू दे की मला!"