नॉर्मनचे दोन प्रश्न

आमच्या यॉर्कशायरच्या गावात खाण चालू होती तेव्हा माणसं दोनच ठिकाणी भेटायची, जमिनीखाली नाहीतर रग्बीच्या मैदानावर. माझा नवरा नॉर्मन आठवडाभर कोळसा फोडायचा आणि रविवारी संघाची बादली धरायचा. खेळाडू आडवा झाला की बादली आणि ओला स्पंज घेऊन धावायचं, हे त्याचं काम. डॉक्टरकीचं शिक्षण म्हणाल तर एवढंच. आमच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा सासूबाईंनी सामन्यांचं वेळापत्रक बघून काढला होता.

डोक्याला मार बसलेल्याला नॉर्मन दोन प्रश्न विचारायचा. उत्तरं बरोबर आली की मानेवर गार पाणी पिळायचं आणि परत आत.

आमचा क्लाइव्ह तेवीस वर्षांचा असताना वेकफील्डविरुद्ध त्याच्या डोक्यात कुणाचा तरी गुडघा बसला. पाय लाकडासारखे ताठ झाले. नॉर्मन धावला.

"कुणाशी खेळतोय आपण?"

"वेकफील्ड."

"गुण किती?"

"आपले दहा, त्यांचे बारा. बाबा, उठव की मला!"

उठवलं. गावानं टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, खोटं कशाला बोलू? पुढं आठ हंगाम हेच चाललं.

आता क्लाइव्ह सत्तावन्न वर्षांचा आहे. विजेची किटली गॅसवर ठेवून वितळवतो. "ह्या बाईला तिच्या घरी जायला सांगा," असं स्वतःच्या बायकोबद्दल म्हणतो. बायको म्हणजे जॅकी. तिनं त्याला लीड्सला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेव्हा तिच्या गाडीतून आम्ही दोघंही गेलो. नॉर्मनचं वाटभर एकच पालुपद: "काही झालेलं नाही त्याला. आधीपासूनचा विसराळू आहे."

डॉक्टरीणबाईंनी साल विचारलं. क्लाइव्ह खिडकीबाहेर बघत बसला. बायकोचं नाव विचारलं, तर पाहुणीकडे बघून हसावं तसा जॅकीकडे बघून हसला.

नॉर्मनला राहवेना. "भलतंसलतं काय विचारताय? क्लाइव्ह, वेकफील्डच्या त्या सामन्यात आपलं कोण कोण होतं रे?"

क्लाइव्ह ताठ बसला. तेराच्या तेरा नावं, वर गुण, कुठंही अडखळला नाही.

"बघा! कुठं बिघडलंय डोकं?" नॉर्मनची छाती फुगली.

"आजोबा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "खेळातलं, वर्षानुवर्षं घोटलेलं सगळ्यात शेवटी जातं. हे तर ते झोपेतसुद्धा सांगतील. त्यावरून डोकं शाबूत आहे असं नाही ठरत."

नॉर्मननं क्लाइव्हकडे बघितलं. मग म्हणाला, "मी हेच विचारायचो."

"कधी?" जॅकीनं विचारलं.

"तो पडला की. कुणाशी खेळतोय, गुण किती. आणि परत पाठवायचो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही गं."

जॅकीनं कोट उचलला. मला म्हणाली, "तुम्ही दोघं बसनं या."

पंधरा दिवस तिनं फोन उचलला नाही. मग एका रविवारी क्लाइव्हला दारात आणून सोडलं. "मैदानावर तेवढा शांत असतो. न्या." नॉर्मनकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

आम्ही तिघं मैदानाच्या कडेला आमच्या नेहमीच्या पायरीवर उभे राहिलो. क्लाइव्हनं सगळे खेळाडू निरखून पाहिले आणि बापाचीच बाही ओढली.

"काका, आज क्लाइव्ह दिसत नाही?"

नॉर्मननं बाहीवरचा त्याचा हात धरला.

"नाही रे राजा. डोक्याला लागलंय त्याच्या. मी त्याला बाहेर बसवलंय."

"वेडे का खुळे तुम्ही? त्याच्याशिवाय हरू ना आपण!"

"हरू दे," नॉर्मन म्हणाला.