मार्टिन हार्डी आहे

मार्टिन डोक्यावर टोपी चढवून पलंगाच्या काठावर तयार बसला होता, आणि मी त्याच्या डिस्चार्जवर सही करत नव्हते. खाली इमर्जन्सीत पेशंट ट्रॉलीवर पडून होते. त्याचा बेड सगळ्यांनाच हवा होता.

मी आयर्लंडमधल्या एका छोट्या सरकारी हॉस्पिटलात रजिस्ट्रार आहे, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालची डॉक्टर. मार्टिन ऐंशी ओलांडलेला शेतकरी. आदल्या दिवशी गोठ्यातल्या ओल्या काँक्रीटवर घसरून कुशीवर पडला होता. एक्स-रे नॉर्मल होता. फिजिओने काठी देऊन चालवलं, तर कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. दुखतंय का विचारलं की एकच उत्तर, ‘ग्रँड.’ इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नसतं, ‘बरं आहे’ एवढंच.

सकाळच्या राउंडला त्याच्याबद्दल सगळे एकच शब्द वापरत होते, हार्डी. नर्स म्हणाली हार्डी, फिजिओ म्हणाला हार्डी. माझे कन्सल्टंट डॉ. ब्रेनन यांनी तर त्याच्या खांद्यावर थाप मारून ‘फिअर्स हार्डी मॅन’ म्हटलं. फिअर्स म्हणजे आपलं ‘भयंकर’, कौतुकाने म्हणतो तसं. मार्टिनची मान ताठ झाली.

हार्डीला आपल्याकडे जवळचा शब्द काटक. इथे तो डोंगरावरच्या मेंढ्यांना लावतात, थंडीत तगणाऱ्या रोपांना लावतात, बोचऱ्या गारठ्याच्या सकाळीलाही लावतात. स्ट्राँगपेक्षा तो वेगळा आहे. स्ट्राँग माणूस वजन उचलतो; हार्डी माणूस सोसतो, आणि कुरकुर करत नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्याला कुणी हार्डी म्हटलं की त्याला पदवी मिळाल्यासारखं होतं.

मला मात्र तो शब्द ऐकून धास्ती वाटली. मी नागपूरची. आमच्या घरी बाबांना सगळे काटक म्हणतात. ते मनगट मोडलेलं असताना पंचा गुंडाळून पाहुण्यांना चहा देत हिंडले होते, कारण आई त्याच पाहुण्यांना त्यांच्या काटकपणाचं कौतुक सांगत होती. काटक माणसाला दुखतंय का असं विचारण्यात अर्थ नसतो, हे मला घरूनच ठाऊक होतं.

म्हणून मी मार्टिनला विचारणं सोडलं आणि त्याची मुलगी ओरला हिला बाजूला घेतलं. तुझे बाबा रोज स्वतः करतात असं कोणतं काम पडल्यानंतर त्यांनी दुसऱ्याला करू दिलं, असं विचारलं. मग ती म्हणाली, ‘इथे येताना जीप मी चालवली. त्यांनीच किल्ली माझ्या हातात दिली.’ आणि बोलता बोलता तिचाच चेहरा उतरला. आजवर त्यांनी तिला त्या जीपला हात लावू दिला नव्हता.

मी परत जाऊन मार्टिनला झोपवलं आणि पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगितला. त्याने उचलला. पण कपाळावर घाम आला आणि हाताने चादर घट्ट धरली. मी पाय हलकेच आत वळवला, तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

ब्रेनन कॉरिडॉरमध्ये भेटले. मी सीटी स्कॅन मागितला.

‘एक्स-रे क्लिअर आहे, माणूस चालतोय. सीटी कशासाठी?’

‘त्याने मुलीला जीप चालवू दिली.’

ब्रेनन स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. हॉस्पिटलात दुसऱ्या कुणी हे कारण ऐकून मला वेड्यात काढलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘किल्ली त्याने आपण होऊन दिली?’

‘हो.’

‘मग आत्ताच करून घे,’ ते म्हणाले, आणि रेडिओलॉजीला फोनही त्यांनीच लावला.

मांडीचं हाड खुब्यात बसतं तिथे, हाडाच्या मानेला बारीक तडा होता. हाड जागेवरून हललेलं नव्हतं, म्हणून तडा एक्स-रेत दिसला नाही आणि म्हणूनच तो चालू शकत होता. तसाच घरी गेला असता आणि गोठ्यात पाय जरा वाकडा पडला असता, तर हाड सरकलं असतं. मग अर्धा सांधाच बदलावा लागतो, आणि त्या वयात बरेच जण त्यानंतर पुन्हा गोठ्यापर्यंत पोचत नाहीत. मार्टिनचं स्क्रू घालून भागलं.

ऑपरेशननंतर मी त्याच्यावर चिडले, खरोखर चिडले. एवढं दुखत असताना बोलला का नाहीस, म्हणून विचारलं.

‘डॉक्टर,’ तो शांतपणे म्हणाला, ‘सकाळपासून सगळे येऊन मला सांगत होते मी कसा आहे ते. त्यांना खोटं कसं पाडणार?’

हल्ली आमच्या वॉर्डात पेशंटला हार्डी म्हणायला माझी हरकत नसते. फक्त सीटीच्या रिपोर्टनंतर म्हणा, एवढंच सांगते.